दुखणें आणि सोसणें

सोसणें हा आपल्याकडे एक मोठा गुण समजला जातो. टाकीचे घाव सोसल्यावांचून दगडाला देवपण येत नाहीं, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. ज्या बाईनें संसारांत पुष्कळ सोसलें तिचें नांव घरांत आदरानें घेतलें जातें. आणि जी थोड्याशा दुखण्यानें हाय हाय करते तिला 'नाजूक' हें विशेषण लागतें, तें कांहीं कौतुकानें नव्हे. आम्ही गेलीं तीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहों. वर्गांत शोकांतिकांचे नायक समजावून देतांना, दुःख मुकाट्यानें गिळणाऱ्या माणसाची थोरवी आम्हीं किती वेळां गाइली असेल याचा हिशेब नाहीं. त्या थोरवीविषयीं आमच्या मनांत पहिली शंका आली ती गेल्या श्रावणांत. आणि ती कोणत्या ग्रंथानें आणली नाहीं, तर रुग्णालयाच्या एका खोलींत, रात्रीं अडीच वाजतां, आमच्या आईनें आणली. त्या रात्रीची हकीकत येथें सांगावयाची आहे. ती सांगतांना आमचा दोष झांकण्याचा प्रयत्न आम्ही करणार नाहीं. कारण तो दोष आमच्या एकट्याचा नसून घरोघर होत असावा असा आमचा समज आहे.

आईचें वय ८२. सोमवारीं पहाटे ती न्हाणीघरांत पाय घसरून पडली आणि तेथेंच सुमारें पाऊण तास पडून राहिली. हांक मारली नाहीं. 'तुम्ही सगळीं झोपलां होतां, कशाला उठवायचें?' हें त्याचें कारण तिनें मागाहून सांगितलें. आमच्या पत्नीनें दार उघडलें तेव्हां आईचे पहिले शब्द होते, "कांहीं नाहीं गं, जरा पाय घसरला." डाव्या पायाचें पाऊल बाहेरच्या बाजूस वळलें होतें आणि तो पाय दुसऱ्यापेक्षां किंचित आंखूड दिसत होता. हीं खुब्याचें हाड मोडल्याचीं लक्षणें आहेत हें आम्हांस त्या वेळीं ठाऊक नव्हतें. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या खोबणींत बसतो. त्या गोळ्याला उरलेल्या हाडाशीं जोडणारी एक अरुंद मान असते. म्हातारपणीं हाड विरविरीत झालें म्हणजे ती मान साध्या पडण्यानेंहि मोडते, आणि मग माणूस उभें राहूं शकत नाहीं. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेसाठीं २०११ सालीं जी मार्गदर्शिका निघाली तिच्यांत अशी शस्त्रक्रिया दाखल झाल्याच्या दिवशीं किंवा फार तर दुसऱ्या दिवशीं व्हावी असें स्पष्ट सांगितलें आहे. आम्हीं मात्र नातेवाइकांचा सल्ला आणि दुसऱ्या डॉक्टरांचें मत यांत एक सबंध दिवस घालविला, आणि बुधवारीं सकाळीं आईची शस्त्रक्रिया झाली. कमरेंत सुई देऊन खालचें अंग बधिर करण्यांत आलें आणि मोडलेला गोळा काढून त्याच्या जागीं धातूचा गोळा बसविण्यांत आला. सर्व कांहीं सुरळीत पार पडलें. 'आतां फक्त चालायला लागायचें,' असें शल्यवैद्य म्हणाले, आणि आम्हीं सुटकेचा निःश्वास टाकला.

खरी परीक्षा त्यापुढें होती. संध्याकाळीं बधिरपणा उतरला तेव्हां एक तरुण डॉक्टर येऊन आईच्या उशाशीं उभे राहिले. ते म्हणाले, "आजी, शून्य म्हणजे मुळींच दुखत नाहीं, आणि दहा म्हणजे असह्य. तर तुमचें दुखणें किती?" आईनें थोडा विचार केला आणि ती म्हणाली, "दोन." परीक्षेंत गुण वाढवून मागण्याचा तिचा स्वभाव नव्हता. डॉक्टरांचें समाधान झालें नसावें, कारण ते आम्हांस दाराबाहेर नेऊन म्हणाले, "मॉर्फीनची अगदीं लहान मात्रा सुरू करूं का?" आम्ही म्हणालों, "ती मागत नाहीं, मग कशाला? या वयांत तिला भ्रम झाला तर? आणि संवय लागली तर?" ते घटकाभर घुटमळले आणि मग त्यांनीं औषधांच्या तक्त्यावर तीन अक्षरें लिहिलीं: एस. ओ. एस. हीं अक्षरें आपल्याकडच्या प्रत्येक रुग्णालयांत रोज लिहिलीं जातात. ज्या लॅटिन शब्दांचीं तीं आद्याक्षरें आहेत त्यांचा अर्थ 'गरज पडल्यास' एवढाच. बुडतें जहाज मदतीसाठीं जो संदेश पाठवितें त्याचींहि अक्षरें हींच. आमची आई बुडत होती. पण संदेश पाठविण्याची संवय तिला जन्मांत कधीं लागली नव्हती. तेव्हां गरज कोणाला पडली नाहीं आणि औषध कोणीं दिलें नाहीं. साधी पॅरासिटॅमॉलची गोळीसुद्धां याच 'गरज पडल्यास' या सदराखालीं गेली.

गुरुवारीं व्यायाम करविणारी मुलगी आली, तिला आई म्हणाली, "आज राहूं दे, उद्यां बसेन." जेवण तसेंच परत गेलें. श्वास ती अगदीं वरवर घेत होती. कूस बदलवितांना तिच्या उजव्या हातानें खाटेची कड अशी घट्ट धरली कीं बोटांचीं पेरें पांढरीं पडलीं. हें सर्व आम्हीं आमच्या डोळ्यांनीं पाहिलें. परंतु आम्ही दर तासानें तिला विचारीत होतों, "आई, दुखतें का गं?" आणि ती दर वेळीं सांगत होती, "कांहीं नाहीं रे, जरा अवघडलें आहे." डोळ्यांची साक्ष आम्हीं मानली नाहीं, कानांची मानली, कारण कानांची साक्ष आम्हांस सोईची होती. ताईचा नागपुराहून दूरध्वनि आला तेव्हां आम्हीं अभिमानानें सांगितलें, "आई फार धीराची. तोंडांतून एक शब्द नाहीं!"

त्याच रात्रीं अडीच वाजतां आम्ही दचकून जागे झालों. आई उठून बसण्याची धडपड करीत होती, आणि हातांतली सलाइनची नळी तिनें उपसून काढली होती. आम्ही जवळ गेलों तों तिनें घाईघाईनें चादरीचें टोंक डोक्यावर पदरासारखें ओढलें. आम्हांस तिनें ओळखलें नाहीं. आमच्या मागें कोणी उभें असावें तसें पाहत ती हलक्या आवाजांत म्हणाली, "मामंजी ओसरीवर बसले आहेत." मग थोड्या वेळानें, "नाहीं सासूबाई, मी ओरडत नाहीं. मुळींच ओरडत नाहीं." आणि तिनें चादरीचा बोळा करून दांतांखालीं धरला. तो काढण्याचा आम्हीं प्रयत्न केला तों तिनें आमचा हात झिडकारला, आणि समोरच्या न दिसणाऱ्या कोणा बाईला कळवळून विचारलें, "अजून किती वेळ लागेल हो?"

वाईच्या आमच्या जुन्या घरांत १९६९ सालीं आमचा जन्म झाला. माजघरापलीकडच्या अंधाऱ्या खोलींत, सुइणीच्या हातीं. वडील ती हकीकत पाहुण्यांना मोठ्या कौतुकानें सांगत. 'बाळंत होतांना आमच्या घरांतून हूं कीं चूं आलें नाहीं. ओसरीवर बसलेल्या चौघांना मुलाच्या रडण्यानेंच काय तें कळलें.' ती हकीकत आम्ही शेंकडों वेळां ऐकली होती आणि आमच्याहि मनांत ती आईच्या धैर्याची कथा म्हणूनच राहिली होती. तें मौन कशाचें घडविलेलें होतें हें आम्हांस छप्पन वर्षांनंतर त्या खोलींत दिसलें. दांतांखालीं धरलेल्या कापडाचें तें घडविलेलें होतें. एडिंबरोच्या सिम्प्सन यांनीं बाळंतिणीला क्लोरोफॉर्म दिला तो १८४७ सालीं. प्रसूतीच्या वेदना ईश्वरानेंच नेमून दिल्या आहेत असें म्हणणारे लोक तेव्हां विलायतेंतहि होते. पण १८५३ सालीं व्हिक्टोरिया राणीनें स्वतः बाळंतपणांत तो घेतला आणि त्यांची तोंडें पुष्कळशीं बंद झालीं. हा इतिहास आम्हीं विद्यार्थ्यांना सांगितलेला आहे. आमच्या स्वतःच्या जन्माच्या वेळीं त्या गोष्टीला एक शतकाहून अधिक काळ लोटला होता, हा हिशेब मात्र आम्हीं कधीं केला नव्हता.

सकाळीं भूलतज्ज्ञ डॉक्टरीणबाई आल्या. तक्ता पाहून त्यांनीं विचारलें, "परवांपासून यांना दुखण्यावर काय काय मिळालें?" आम्हीं खालीं मान घालून सांगितलें, "गरज पडली नाहीं म्हणून कांहींच नाहीं." त्यांनीं आम्हांस दोष दिला नाहीं, दिला असता तर बरें वाटलें असतें. ज्याला आपण 'वात झाला' असें म्हणतों तो हा तात्पुरता भ्रम म्हाताऱ्या माणसांत अशा शस्त्रक्रियेनंतर पुष्कळदां होतो, रात्रीं वाढतो, दिवसा ओसरतो, आणि त्याचीं कारणें अनेक असतात, हें त्यांनीं शांतपणें समजावून दिलें. झोपेचा अभाव, पोटांत पाणी कमी जाणें, लघवी तुंबणें, शौचास न होणें, जंतूंचा संसर्ग, काढून ठेवलेला चष्मा, नवी जागा हीं सारीं त्यांत येतात. "मॉर्फीननें भ्रम होऊं शकतो हें तुमचें म्हणणें खोटें नाहीं," त्या म्हणाल्या, "पण न शमविलेल्या दुखण्यानेंहि तो होतो, हें लोक विसरतात." न्यूयॉर्कचे डॉ. मॉरिसन आणि त्यांचे सहकारी यांनीं खुब्याचें हाड मोडलेल्या ५४१ रुग्णांची पाहणी २००३ सालीं प्रसिद्ध केली. ज्यांना या जातीचें औषध अगदींच थोडें मिळालें होतें त्यांना भ्रम अधिक प्रमाणांत झालेला आढळला. आणि ज्यांची बुद्धि मुळांत शाबूत होती त्यांपैकीं ज्यांचें दुखणें तीव्र राहिलें, त्यांत भ्रमाचा संभव सुमारें नऊपट दिसला. पेथिडिन नांवाच्या एका औषधानें मात्र भ्रम वाढलेलाच दिसला. याचा अर्थ, कोणतें औषध आणि किती, याला महत्त्व आहे. औषध न देणें हा कांहीं निर्धोक मार्ग नव्हे. ज्या भयानें आम्हीं आईचें औषध अडविलें तेंच भय आम्हीं अडविल्यानें खरें होण्याला हातभार लागला असण्याचा पुष्कळ संभव आहे. निश्चित कोणीहि सांगूं शकणार नाहीं. परंतु त्या संभवाचें ओझें आम्ही अजून वाहत आहों.

पुढें जें झालें त्यांत चमत्कार कांहीं नव्हता, केवळ व्यवस्था होती. डॉक्टरीणबाईंनीं ध्वनिलहरींच्या यंत्रावर पाहत आईच्या जांघेंत सुई देऊन त्या बाजूचे मज्जातंतु कांहीं तासांपुरते बधिर केले. हाच उपाय शस्त्रक्रियेच्या आधीं, रुग्ण दाखल होतांच, करतां येतो हें तेव्हां आम्हांस कळलें. तक्त्यावरचीं तीं तीन अक्षरें खोडलीं गेलीं. आईचें वजन ४४ किलो, म्हणून पॅरासिटॅमॉलची ६५० मिलिग्रॅमची गोळी दर सहा तासांनीं, ती मागो वा न मागो, घड्याळाच्या ठोक्याला ठरली. दुखणें चढल्यावर त्याच्यामागें धांवण्यापेक्षां तें चढूं न देणें सोपें, हें त्यांतलें तत्त्व. एरवीं सांधेदुखीवर घरोघर घेतल्या जाणाऱ्या ज्या जोरदार गोळ्या आहेत त्या या वयांत मूत्रपिंडाला व जठराला बाधक, म्हणून त्या नकोत. आईचीं मूत्रपिंडें ठीक आहेत हें पाहून मॉर्फीनची अर्धी गोळी, तीहि कूस बदलण्याच्या व व्यायामाच्या आधीं पाऊण-एक तास. तिच्या जोडीला शौचास साफ व्हावें म्हणून रेचक औषध, कारण मॉर्फीन आंतडीं मंद करतें. आणि तिचा श्वास व सुस्ती यांवर परिचारिकेची नजर. दोन पायांच्या मध्यें उशी. चष्मा डोळ्यांवर, श्रवणयंत्र कानांत, भिंतीवर घड्याळ समोर, पडदे दिवसा उघडे आणि जवळ घरचें माणूस. शुक्रवारीं दुपारीं आई खाटेच्या कडेला पाय सोडून पांच मिनिटें बसली. शुक्रवारची रात्र थोडी अस्वस्थ गेली. शनिवारची ती शांत झोपली. रविवारीं सकाळीं तिनें आम्हांस विचारलें, "तुझे डोळे असे कां झाले आहेत रे बाळ? झोप नाहीं का झाली?"

परंतु या साऱ्या व्यवस्थेंत एक गोष्ट अशी होती कीं ती कोणत्याहि तक्त्यावर लिहिलेली नव्हती, आणि आम्हां भाषेच्या शिक्षकाला ती सर्वांत अधिक शिकवून गेली. रात्रपाळीला लातूरकडची एक परिचारिका असे. वय पंचविशीच्या आंत. ती आईला 'दुखतें का?' असें कधींच विचारीत नसे. पाय हळूच उचलून ती म्हणे, "आजी, असं हलवल्यावर काय व्हायलंय? ठणकायलंय, चमकायलंय, का नुसती आग व्हायलीय?" जिनें आम्हांस तीन दिवस 'कांहीं नाहीं' सांगितलें ती आई तिला म्हणाली, "ठणका नाहीं गं. पडून असलें तर कांहीं वाटत नाहीं. पण वळलें कीं मांडींतून गुडघ्यापर्यंत कळ जाते, आणि मग बराच वेळ रग राहते." आम्ही ऐकतच राहिलों. एवढी नेमकी माहिती आम्हांस एकदांहि मिळाली नव्हती, कारण आम्हीं तशी मागितलीच नव्हती.

मागाहून विचार करतां आम्हांस त्याचें कारण सांपडलें. मराठींत 'दुखणें' हा शब्द वेदनेचाहि आहे आणि आजाराचाहि. जो अंथरुणाला खिळला तो 'दुखणेंकरी'. 'दुखतें का?' या प्रश्नांत आईला 'तूं दुखणेंकरी झालीस का? आम्हांस भार झालीस का?' असें ऐकूं येत असावें, आणि त्याचें तिचें उत्तर ठाम 'नाहीं' असें होतें. पण 'कळ येते का?' हा निराळा प्रश्न आहे. कळ ही पावसासारखी बाहेरून येते आणि जाते; ती आली असें सांगण्यांत कमीपणा नाहीं. व्हर्जिनिया वूल्फ यांनीं १९२६ सालच्या आपल्या आजारपणावरील निबंधांत, इंग्रजी भाषेला शरीराच्या दुखण्यासाठीं शब्द अपुरे पडतात अशी तक्रार केली आहे. ती आम्हीं वर्गांत अनेकदां सांगितली, पण आपली भाषा त्या बाबतींत किती श्रीमंत आहे हें पाहण्याचें आम्हांस सुचलें नाहीं. पिकत्या गळवाचा ठणका, येऊन जाणारी कळ, विजेसारखी चमक, आंत रुतलेल्या कांट्याची सल, श्रमलेल्या स्नायूंची रग, पाठींत भरलेली उसण, जखमेची ठुसठुस हे शब्द काव्यासाठीं जन्मले नाहींत. बायांनीं आणि शेतकऱ्यांनीं तीं निरनिराळीं दुखणीं ओळखून त्यांना तीं नांवें दिलीं. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठांतील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनीं १९७५ सालीं वेदनेचे ७८ शब्द २० गटांत लावून डॉक्टरांच्या हातीं दिले, तेव्हां त्याला शास्त्र म्हणून मान मिळाला. लातूरकडच्या त्या मुलीनें मेलझॅक वाचले असतील असें वाटत नाहीं. तिनें आपली आजी ऐकली असावी. आणि या शब्दांचा उपयोग केवळ सहानुभूतीपुरता नाहीं. नुसता ठणका हा सूज दाखवितो. चमक आणि मुंग्या मज्जातंतूकडे बोट दाखवितात. आणि एकाएकीं सुरू झालेलें नवें दुखणें, फुगलेली पोटरी किंवा पाय पुन्हां आंखूड दिसणें यांवर गोळी न देतां डॉक्टरांनाच बोलवावें लागतें.

त्या परिचारिकेच्या प्रश्नांत दुसरी एक खुबी होती. आम्ही विचारीत होतों तें आई निजलेली असतांना; ती विचारी तें पाय हलवितांना. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर निजलेल्या माणसाचें दुखणें पुष्कळदां थोडें असतें. खरा शत्रु हालचालीचें दुखणें. त्याच्या भयानें म्हातारें माणूस हलत नाहीं. न हलल्यानें छातींत कफ सांचतो, पाठीला जखमा होतात, शिरांत रक्त गोठतें, आणि पायांत उरलेसुरलें बळहि आठवड्याभरांत ओसरतें. म्हणजे मुकाट्यानें सोसणारा रुग्ण प्रत्यक्षांत बरें होणें लांबणीवर टाकीत असतो, आणि आपण त्याला शाबासकी देत असतों.

सोसण्याची किंमत शून्य आहे असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. शनिवारीं आई पहिल्यांदा वॉकर धरून उभी राहिली. कपाळावर घाम आला होता. तिनें एक पाऊल टाकलें, थांबली, दुसरें टाकलें. अशीं सात पावलें झालीं. आम्हीं आतां शिकल्याप्रमाणें विचारलें, "कळ येते आहे का?" ती म्हणाली, "येते आहे. पण सोसवेल इतकी आहे." या शेवटच्या तीन शब्दांत सारा विवेक आला असें आम्हांस वाटतें. दुखणें समूळ नाहींसें करणें हें कोणत्याहि औषधाचें काम नव्हे, आणि तसा हट्ट धरला तर रुग्ण गुंगींत पडून राहील. दुखणें माणसाच्या आवांक्यांत आणून देणें एवढेंच औषधाचें काम. त्यापुढचीं सात पावलें माणसानेंच टाकावयाचीं असतात. जें सोसून पाऊल पुढें पडतें तें सोसणें. ज्यानें पाऊल अडतें तें केवळ दुखणें, आणि त्याला कोणी थोरवी देऊं नये.

आमच्या आईला निदान बोलतां येत होतें. ज्यांची स्मृति गेली आहे त्यांचें काय होत असेल? मॉरिसन यांनींच आपल्या एका सहकाऱ्यासह २००० सालीं दाखवून दिलें होतें कीं, खुबा मोडलेल्या ज्या रुग्णांची बुद्धि पार गेलेली होती त्यांना शाबूत बुद्धीच्या रुग्णांच्या मानानें मॉर्फीन एक तृतीयांशच मिळालें. हाड तेंच, शस्त्रक्रिया तीच. उणें होतें तें केवळ मागण्याचें सामर्थ्य. अशांसाठीं २००३ सालीं पाहण्याची एक पद्धति तयार झाली: श्वास कसा चालला आहे, कण्हणें आहे का, चेहरा आवळलेला आहे का, शरीर ताठलेलें आहे का, आणि जवळ घेतल्यानें शांत होतें का. या पांचहि गोष्टी कोणत्याहि आईला आपल्या तान्ह्या मुलाविषयीं न शिकवितां कळतात. मुलाला आपल्या आईविषयीं त्या कळूं नयेत, याचें आश्चर्य वाटतें.

मॉर्फीनच्या नांवानें आम्ही दचकलों त्याला कांहीं इतिहासहि आहे. एकोणिसाव्या शतकांत माळव्याची अफू मुंबई बंदरांतून चीनला जात होती आणि त्या व्यापाराच्या पैशावर मुंबईंत किती मोठमोठीं घराणीं उभीं राहिलीं हें सर्वांस ठाऊक आहे. आजहि मध्यप्रदेश, राजस्थान व उत्तरप्रदेशांत सरकारी परवान्यानें अफू पिकते. असें असून १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानंतर आपल्याच रुग्णालयांना मॉर्फीन मिळविणें इतकें जिकिरीचें झालें कीं डॉक्टरांच्या पिढ्या तें न वापरतांच शिकल्या. २०१४ सालीं कायदा दुरुस्त होऊन वाट सुकर झाली. मनांतलें भय मात्र कायद्याच्या दुरुस्तीनें जात नाहीं. हें औषध जपूनच वापरावयाचें आहे, डॉक्टरांच्या नजरेखालींच वापरावयाचें आहे. पण जपून वापरणें आणि मुळींच न वापरणें यांत अंतर आहे. आईचें मॉर्फीन आठव्या दिवशीं बंद झालें. पुन्हां तिनें तें मागितलें नाहीं; संवयीची आमची भीति व्यर्थ ठरली.

घरीं आल्यावर आम्हीं एक वही केली. तींत औषधाची वेळ, निजलेली असतांना कसें, चालतांना कसें, झोप, शौच असे रकाने आंखले. 'कसें' या रकान्यांत आंकडे लिहिण्याचें आम्हीं सोडून दिलें. तेथें आईचाच शब्द लिहीत गेलों. पहिल्या पानांवर 'कळ' पुष्कळदां आहे. मग 'रग' येते. मग कित्येक दिवस 'अवघडलें'. आणि तें खरोखरच अवघडणें होतें. कार्तिकांत ती पुन्हां देवपूजेला बसूं लागली. मांडी घालून नव्हे, तर उंच खुर्चीवर, देव समोर चौरंगावर घेऊन. देवांना इतकें उंच बसविल्याबद्दल तिनें त्यांची क्षमा मागितल्याचें आम्हीं ऐकलें.

त्या रात्रींविषयीं तिला कांहीं आठवत नाहीं, आणि आम्हीं तें तिला सांगितलेलें नाहीं. एकदां सहज विचारल्यासारखें करून आम्हीं विचारलें, "माझ्या वेळेला तुला फार त्रास झाला होता का गं?" ती वाती वळीत होती. मान वर न करतां ती म्हणाली, "कांहीं नाहीं रे." आम्ही गप्प बसलों. त्या प्रश्नाला निराळे शब्द लागतात, आणि ते आम्हांस अजून सांपडलेले नाहींत.

पण गेल्या महिन्यांत एका संध्याकाळीं आभाळ भरून आलें होतें आणि आम्ही उत्तरपत्रिका तपाशीत बसलों होतों. आंतल्या खोलींतून तिची हांक आली, "बाळ, आज पाय ठणकतो आहे रे. ती गोळी देशील का?" छप्पन वर्षांत तिच्या तोंडून ऐकलेली ही पहिली तक्रार. आम्हीं लेखणी खालीं ठेवली, गोळी आणि पाणी घेऊन गेलों, आणि गोळी लागू पडेपर्यंत तिच्याजवळ बसून राहिलों.